लाकडी दारावरचा जुना रंग काढणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रंग केव्हाही पुन्हा लावता येतो. घासून गेलेले लाकूड मात्र परत आणता येत नाही. दाराच्या कडांची धार, पॅनेलभोवतीची नक्षी, वर्षानुवर्षांच्या वापराने लाकडाला आलेली झळाळी हे सारे वरच्या एक-दोन मिलिमीटरमध्ये असते आणि रंग काढताना नेमका तोच भाग धोक्यात येतो. खालच्या उत्तरांत एखादी पद्धत संथ असूनही सुचवली असेल, किंवा एखादी झटपट पद्धत नाकारली असेल, तर त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण आहे.

जुना रंग पूर्ण काढणे खरोखर आवश्यक असते का?

अनेकदा नसते. दार पुन्हा रंगवायचेच असेल आणि जुना रंग लाकडाला घट्ट चिकटलेला असेल, तर तो धुऊन, हलका घासून, त्यावर प्रायमर लावून नवा रंग देणे पुरेसे ठरते. रंग घट्ट आहे की नाही हे तपासण्याची सोपी रीत अशी, की धारदार ब्लेडने रंगावर उभ्या-आडव्या बारीक रेघा मारून छोटी जाळी करावी, तिच्यावर चिकटपट्टी दाबून बसवावी आणि एका झटक्यात ओढावी. पट्टीबरोबर रंगाचे चौकोन निघून आले, तर वर कितीही चांगला रंग दिला तरी तो खालच्या सैल थरासह गळून पडणार आहे, असे समजावे.

पूर्ण रंग काढणे योग्य ठरते ते पुढील परिस्थितींत: पोपडे निघत असतील, पृष्ठभागावर खोल भेगांची जाळी पडली असेल, थरांवर थर चढून दार चौकटीत घासू लागले असेल, नक्षीच्या कडा रंगात बुडून गेल्या असतील, किंवा मूळ लाकूड पॉलिश करून दाखवायचे असेल. शेवटचे कारण सर्वांत मोहाचे असते, म्हणून त्याविषयी पुढच्या उत्तरात थोडे सविस्तर लिहिले आहे.

रंगाखाली चांगले लाकूड आहे की नाही हे आधी कळू शकते का?

बऱ्याच अंशी कळू शकते. दाराची वरची आणि खालची कड बहुधा रंगवलेलीच नसते. तिथे लाकडाची जात, रेषा आणि जोड उघडे दिसतात. बिजागरी काढल्यावर तिच्या खाचेतही मूळ लाकूड सापडते. याशिवाय सहज नजरेत न येणाऱ्या दोन-तीन ठिकाणी, उदाहरणार्थ पॅनेलच्या खालच्या कोपऱ्यात, उभ्या पट्टीवर आणि कुलपाजवळ, तळहाताएवढ्या जागेतला रंग काढून पाहावा. एकाच जागी पाहणे पुरेसे नाही, कारण पुष्कळ जुनी दारे सुरुवातीपासून रंगवण्यासाठीच बनवलेली असतात आणि अशा दारात उभ्या पट्ट्या एका लाकडाच्या, पॅनेल दुसऱ्याच्या, मध्येच लांबी (पुट्टी) भरलेल्या गाठी आणि बदललेले तुकडे असे मिश्रण आढळते. असे दार उघडे करून पॉलिश केल्यास ते ठिगळ लावल्यासारखे दिसते. तिथे रंगच द्यावा, हे माझे स्पष्ट मत आहे.

जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता किती असते?

दार जितके जुने तितकी शक्यता अधिक. पांढऱ्या रंगासाठी शिशाचे कार्बोनेट, पिवळ्या रंगासाठी शिशाचे क्रोमेट आणि तेलरंग लवकर सुकावा म्हणून शिशाचे इतर क्षार दीर्घकाळ वापरले गेले. आज अनेक देशांत रंगातील शिशाची कायदेशीर मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग इतकी खाली आणलेली आहे, परंतु ही मर्यादा नव्या रंगांना लागू होते. दारावर आधीच चढलेल्या थरांना नाही. वरचा थर नवा आणि निर्दोष असला तरी खालचे थर तसे असतीलच असे नाही.

चाचणीसाठी रंग बदलणाऱ्या कांड्या मिळतात. त्या वापरताना रंगाला तिरका छेद देऊन लाकडापर्यंतचे सर्व थर उघडे करावेत आणि मगच कांडी फिरवावी. नुसत्या वरच्या पृष्ठभागावर घेतलेली चाचणी खोटा दिलासा देते. छेद नीट घेतला तर तिथे रंगांच्या बारीक पट्ट्या एकाखाली एक दिसतात आणि दाराचा सारा इतिहास मोजता येतो. निश्चित उत्तर हवे असेल तर सर्व थरांसह रंगाचा तुकडा प्रयोगशाळेत द्यावा. चाचणी करणे शक्यच नसेल, तर जुन्या दारात शिसे आहे असे गृहीत धरूनच काम करावे.

शिसे असेल तर काम कसे करावे?

मुख्य धोका धुळीचा आणि धुराचा आहे. शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित असल्याचे आढळलेले नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर आणि गर्भावर त्याचा परिणाम होतो. म्हणून अशा दारावर कोरडे घासणे, मशीनने घासणे आणि ज्योत वापरणे पूर्णपणे वर्ज्य समजावे. रंग ओला ठेवून खरवडावा किंवा पेंट रिमूव्हरने मऊ करून काढावा. काम घराबाहेर किंवा बंद करता येईल अशा खोलीत, खाली जाड प्लास्टिक अंथरून करावे. मुले आणि गर्भवती स्त्रिया यांना त्या जागेपासून पूर्ण दूर ठेवावे.

नाकावर पी-१०० दर्जाचा (अतिसूक्ष्म धूळही अडवणारा), चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क लावावा; साधा कापडी रुमाल काहीही अडवत नाही. सुकलेली भुकटी झाडूने झाडू नये, कारण झाडल्याने ती हवेत उडते. ती ओल्या फडक्याने पुसावी किंवा हेपा फिल्टर (अतिसूक्ष्म कण अडवणारी गाळणी) असलेल्या व्हॅक्यूम क्लीनरने ओढावी. जेवणाआधी हात आणि तोंड धुवावे, कामाचे कपडे घरच्या इतर कपड्यांबरोबर धुऊ नयेत आणि त्याच चपलांनी घरात वावरू नये. दारांची संख्या मोठी असेल किंवा घरात लहान मूल असेल, तर हे काम प्रशिक्षित माणसाकडे सोपवणेच योग्य होय.

दारावर नेमका कोणता लेप आहे हे कसे ओळखावे?

कापसाचा बोळा आणि दोन-तीन द्रावणे पुरेशी आहेत. स्पिरिटने लेप चिकट होऊन विरघळू लागला तर ते लाखेचे पॉलिश आहे आणि त्याला पेंट रिमूव्हरची गरज नाही. स्पिरिट आणि फडके एवढ्यावर ते निघते. स्पिरिटने काही झाले नाही पण थिनरने विरघळले, तर तो लॅकर असतो. रंगीत थर स्पिरिटने मऊ पडून बोळ्याला लागला तर तो पाण्यात मिसळायचा प्लास्टिक किंवा अॅक्रिलिक रंग आहे. या कशानेही न हलणारा चकचकीत, कडक थर हा बहुधा तेलरंग म्हणजे एनॅमल असतो, आणि जुन्या दारांवर तोच सर्वाधिक आढळतो.

दार काढून आडवे ठेवावे की जागेवरच काम करावे?

शक्य असेल तर काढावे. आडव्या पृष्ठभागावर रिमूव्हर ओघळत नाही, जाड थर टिकतो, आणि खरवडताना हाताचा दाब सारखा राहतो. दोन लाकडी घोड्यांवर (सुतारी आधारांवर) जुने कापड टाकून दार त्यावर ठेवावे. काढण्याआधी दाराच्या वरच्या कडेवर आणि चौकटीच्या मागे पेन्सिलीने जुळणाऱ्या खुणा कराव्यात; बिजागऱ्यांनाही क्रमांक द्यावेत, कारण वर्षानुवर्षे वापरलेली बिजागरी स्वतःच्याच जागी नीट बसते. चौकटीवरचा रंग मात्र जागेवरच काढावा लागतो. तिथे घट्ट, न ओघळणारे रिमूव्हर घ्यावे.

रंगाने बुजलेले स्क्रू आणि बिजागऱ्या कशा काढाव्यात?

स्क्रूच्या खाचेतला रंग आधी टोकदार हत्याराने पूर्ण कोरून काढावा, मगच पेचकस लावावा. खाच अर्धी भरलेली असताना जोर दिला की तिच्या कडा तुटतात आणि पुढचे काम अवघड होते. तरीही स्क्रू हलला नाही तर पेचकसाच्या मुठीवर हलकी ठोक द्यावी, किंवा तापवलेल्या सोल्डरिंग आयर्नचे टोक स्क्रूच्या डोक्यावर थोडा वेळ टेकवून ठेवावे. पितळी कड्या, मुठी, बिजागऱ्या यांवरचा रंग कडक गरम पाण्यात काही तास भिजवल्यास सालीसारखा सुटतो आणि लाकडी काडीने निघतो. यासाठी वापरलेले भांडे पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नये.

उष्णता, रसायन की घासणे: यांतून निवड कशी करावी?

सपाट, जाड, अनेक थरांच्या तेलरंगाला हीट गन, म्हणजे गरम हवेचा झोत सोडणारे यंत्र, चांगली. नक्षी, काच आणि नाजूक कडा यांना रिमूव्हर चांगले. आणि घासणे हे रंग काढण्याचे नव्हे, तर रंग काढून झाल्यावर लाकूड गुळगुळीत करण्याचे साधन आहे. एकाच दारावर या पद्धती एकामागून एक वापरता येतात. फक्त एक नियम मोडू नये: रिमूव्हर लावलेल्या किंवा त्याने ओलसर असलेल्या भागावर हीट गन कधीही चालवू नये. अनेक द्रावणे पेट घेतात, आणि डायक्लोरोमिथेन असलेले रिमूव्हर तापल्यास फॉस्जिन हा अत्यंत विषारी वायू तयार होतो.

हीट गन वापरताना लाकूड जळू नये म्हणून काय करावे?

गन दारापासून पाच ते आठ सेंटीमीटर दूर धरावी, एका जागी थांबवू नये आणि तापमान ३०० ते ४०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान ठेवून सुरुवात करावी. रंग फुगू लागताच स्क्रेपर त्याखाली सरकवावा. फुगा उठण्याआधी खरवडले तर रंग निघत नाही, आणि उठल्यानंतर तापवत राहिले तर तो करपून चिकटतो. गन पुढे आणि स्क्रेपर तिच्या मागोमाग असा मेळ बसला की रंग लांब पट्टीने उचलला जातो. धूर निघू लागला किंवा लाकूड तपकिरी दिसू लागले तर तापमान नक्कीच जास्त आहे. सुमारे ५९० अंशांच्या पलीकडे रंगातील शिशाची वाफ होऊ लागते, म्हणून शिशाचा संशय असलेल्या दारावर हीट गनऐवजी रिमूव्हरच निवडावे.

स्क्रेपरचे दोन्ही कोपरे कानशीने किंचित गोल करून घ्यावेत. नव्या स्क्रेपरचे टोकदार कोपरे मऊ झालेल्या लाकडात अशा रेघा ओढतात, की त्या पुढे कितीही पॉलिश पेपर मारला तरी पॉलिशखाली दिसत राहतात. पाते साधारण ३० अंशांच्या कोनात आणि नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेने चालवावे.

ब्लो टॉर्चने काम लवकर होत नाही का?

होते, पण करू नये. उघड्या ज्योतीने लाकूड करपते, काच तडकते आणि चौकटीमागच्या पोकळीत साचलेली धूळ ठिणगी पकडून तासन्‌तास धुमसत राहते. आग कधीकधी काम संपवून माणूस निघून गेल्यावर लागते. हीट गनच्या बाबतीतही याच कारणासाठी काम संपल्यावर तासभर तरी त्या जागेवर लक्ष ठेवावे आणि विझवण्याचे साधन हाताशी असावे.

पेंट रिमूव्हर कोणते घ्यावे?

डब्यावर घटक वाचून घ्यावे. डायक्लोरोमिथेन, म्हणजेच मिथिलीन क्लोराइड, असलेले रिमूव्हर काही मिनिटांत काम करते, पण ते केवळ ४० अंश सेल्सिअसला उकळते, त्याच्या वाफा झपाट्याने खोलीत साचतात आणि शरीरात गेल्यावर त्याचे कार्बन मोनॉक्साइडमध्ये रूपांतर होते. बंद खोल्यांत ते वापरणाऱ्यांचे मृत्यू झालेले आहेत आणि अमेरिकेने २०१९ मध्ये घरगुती ग्राहकांना असे रिमूव्हर विकण्यास बंदी केली. त्याच्या वाफांपुढे मास्कला लावायचे, सेंद्रिय वाफा गाळणारे साधे काडतूसही फार वेळ टिकत नाही. एन-मिथिल पायरोलिडोन या दुसऱ्या द्रावकाचा गर्भाच्या वाढीवर विपरीत परिणाम होतो.

म्हणून घरी काम करणाऱ्याने बेंझिल अल्कोहोल किंवा डायबेसिक एस्टर यांवर आधारलेले रिमूव्हर निवडावे. ते संथ असते. काही तासांपासून पूर्ण एक रात्रीपर्यंत वेळ घेते. पण या संथपणाचा एक फायदा आहे, तो असा, की ते दीर्घकाळ ओले राहते आणि एकाच वेळी अनेक थरांत उतरते. सुरक्षित म्हटलेले रिमूव्हरही डोळ्यांत आणि त्वचेवर जाऊ देऊ नये. चश्मा, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डब्यावर सांगितलेल्या प्रकारचे हातमोजे हवेतच. पातळ, वापरून फेकायचे मोजे काही द्रावणांपुढे काही मिनिटांत निकामी होतात. खिडक्या आणि दारे उघडी ठेवून हवा आरपार वाहती ठेवावी.

रिमूव्हर लावूनही रंग निघत नाही. कुठे चुकते?

बहुतेक वेळा दोनच गोष्टी चुकतात: थर पातळ असतो आणि वेळ कमी दिला जातो. रिमूव्हर रंगासारखे पसरवून लावायचे नसते. ब्रश भरून घ्यावा, एकाच दिशेने, दोन ते तीन मिलिमीटर जाडीचा थर बसवावा आणि त्यावरून पुन्हा ब्रश फिरवू नये. अनेक रिमूव्हरमध्ये मेण असते. ते वर येऊन पातळ पापुद्रा धरते आणि खालचे द्रावण उडून जाऊ देत नाही. ब्रश परत परत फिरवला की हा पापुद्रा फाटतो आणि द्रावण रंगात उतरण्याऐवजी हवेत जाते. थरावर पातळ प्लास्टिक अंथरून कडा दाबल्या तर तो आणखी बराच वेळ ओला राहतो. थेट उन्हात किंवा पंख्याच्या झोतात काम केल्यास रिमूव्हर आधीच सुकते, आणि फार थंडीत ते जवळजवळ निष्क्रिय होते.

वेळ झाली की नाही हे घड्याळापेक्षा स्क्रेपरने ठरवावे. एका कोपऱ्यात हलक्या हाताने स्क्रेपर ढकलून पाहावा. रंग सुरकुतून, लगदा होऊन लाकडापर्यंत सरकला आणि खाली रेषा दिसल्या, तर पूर्ण भाग काढायला घ्यावा. स्क्रेपर वरच्या लगद्यातूनच घसरत गेला आणि खाली कडक थर लागला, तर जोर न करता आणखी वेळ द्यावा. जाड थरांच्या दाराला दुसरा, कधी तिसरा हात लागतो. यात काही वावगे नाही. अशा वेळी ताकद लावली की पाते मऊ लाकडात रुतते आणि जे नुकसान वाचवण्यासाठी रिमूव्हर घेतले, तेच होते.

शेवटी उरलेले मेण आणि लगदा डब्यावर सांगितल्याप्रमाणे पाण्याने किंवा टर्पेंटाइनने पुसून काढणे अत्यावश्यक आहे. नवे पॉलिश चिकट राहणे, सुकत नसणे किंवा जागोजागी सुटणे या तक्रारींचे मूळ अनेकदा या राहून गेलेल्या मेणात असते.

कॉस्टिक सोडा वापरावा का?

लाकडी दारासाठी मी तो सुचवत नाही. तो तेलरंग उत्तम काढतो यात शंका नाही, परंतु सागवान, महोगनी, ओक यांसारख्या टॅनिन (लाकडातला तुरट घटक) असलेल्या लाकडांना तो काळपट करतो, रेषा फुगवतो आणि पाण्यामुळे जुन्या सरसाचे जोड ढिले करतो. संपूर्ण दार टाकीत बुडवून काढण्याच्या पद्धतीलाही हेच आक्षेप लागू होतात. दार स्वच्छ निघते, पण पुढे सुकताना पॅनेल फाटते किंवा जोड उघडतात, आणि लाकडात मुरलेला अल्कधर्मी अंश महिन्यांनंतर नव्या रंगाला फुगे आणतो.

तरीही वापरायचाच असेल तर सोडा पाण्यात हळूहळू घालावा, सोड्यावर पाणी कधीही ओतू नये, कारण मिश्रण उकळून अंगावर उडते. भांडे अॅल्युमिनियमचे नसावे. सोडा त्या धातूशी अभिक्रिया करून हायड्रोजन वायू सोडतो. काम झाल्यावर लाकूड भरपूर पाण्याने धुऊन सौम्य व्हिनेगरने उदासीन करावे आणि ओल्या लाकडावर पीएच कागद लावून तो उदासीनतेच्या जवळ येईपर्यंत धुणे थांबवू नये. डोळ्यात थेंब गेला तर किमान १५ मिनिटे वाहत्या पाण्याखाली डोळा धरून ताबडतोब डॉक्टरांकडे जावे.

नक्षी, गोलाई आणि पॅनेलच्या खाचांतला रंग कसा काढावा?

या भागाला दाराच्या सपाट भागापेक्षा अधिक वेळ लागतो आणि तो द्यावाच लागतो. रिमूव्हरने रंग पुरता लगदा झाल्यावर त्यावर मूठभर कोरडा लाकडाचा भुसा टाकावा. भुसा लगदा शोषून घेतो, त्याचे घट्ट गोळे होतात आणि कडक नायलॉनच्या ब्रशने ते खाचेतून सहज बाहेर पडतात. गोल कोरलेल्या भागात जाड सुतळी खाचेत बसवून दोन्ही हातांनी पुढे-मागे ओढावी. ती खाचेचा आकार धरते आणि लाकूड न कुरतडता रंग पुसून आणते. अरुंद कोपऱ्यांसाठी बांबूची कामटी हव्या त्या आकारात तासून घ्यावी. टोक बोथट झाले की पुन्हा तासता येते, आणि लोखंडी हत्यारासारखी ती लाकडात घुसत नाही. पटाशी किंवा पेचकसाचे टोक इथे वापरण्याचा मोह टाळावा.

पॅनेल आणि पट्टी यांच्या सांध्यात साचलेला रंग काळजीपूर्वक मोकळा करावा. चांगल्या बांधणीच्या दारात पॅनेल खाचेत सैल बसवलेले असते, म्हणजे हवेतील ओलाव्याप्रमाणे ते फुगू आणि आकसू शकते. रंगाच्या थरांनी ते चिकटून बसले की आकसताना मधोमध फाटते. हा सांधा मोकळा झाला की पुढे तिथे लांबी किंवा सरस भरू नये.

लाकडाच्या सूक्ष्म छिद्रांत पांढरे ठिपके राहतात. ते जातील का?

मोकळ्या रेषेच्या लाकडात हे नेहमी होते. त्या जागेवर पुन्हा रिमूव्हर लावून, तो ओला असतानाच पितळी तारांच्या मऊ ब्रशने रेषेच्या दिशेने घासावे. तरीही ठिपके राहिले तर लाकडावर लाखेच्या पॉलिशचा एक पातळ हात देऊन तो सुकू द्यावा आणि त्यावर पुन्हा रिमूव्हर लावावे. लाख उचलली जाताना छिद्रातले रंगाचे कणही पुष्कळ प्रमाणात बरोबर येतात. काही ठिपके त्यानंतरही राहतील. गडद छटेच्या पॉलिशमध्ये ते मिसळून जातात. ते काढण्यासाठी पृष्ठभाग खोल घासणे मात्र उपयोगाचे नाही, कारण छिद्रे घासण्याच्या खोलीपेक्षा खूप आत गेलेली असतात.

सरळ सँडिंग मशीन चालवले तर?

रंग उष्णतेने मऊ होऊन पॉलिश पेपरला चिकटतो, पेपर मिनिटाभरात गुळगुळीत होतो, कडा गोल होतात आणि धूळ घरभर पसरते. बेल्ट सँडर तर क्षणभर थांबला तरी दारात खड्डा पाडतो.

प्लायवूड किंवा व्हेनिअरच्या दारावर हीच पद्धत चालते का?

चालत नाही. अशा दारावरचे खरे लाकूड बहुधा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असते. दाराच्या वरच्या कडेकडे पाहिले तर ही पातळ पापडी वेगळी दिसते. उष्णतेने तिच्याखालचा गोंद सुटतो, पाण्याने ती फुगते आणि घासताना ती केव्हा संपली हे कळतही नाही. पाण्याने धुवावे न लागणारे रिमूव्हर, प्लास्टिकचा स्क्रेपर आणि शेवटी हाताने बारीक पेपर, एवढेच वापरावे. दार पुन्हा रंगवायचे असेल तर जुना रंग घट्ट असताना तो काढण्याच्या फंदात पडूच नये.

दारात काच असेल तर?

काचेजवळ हीट गन नेऊ नये; असमान तापल्याने काच तडकते. त्या पट्ट्यांवर रिमूव्हर वापरावे आणि काच प्लास्टिक व चिकटपट्टीने झाकावी. काचेभोवतीची जुनी लांबीही रिमूव्हरने मऊ होते, तेव्हा ती पुन्हा भरावी लागेल असे धरूनच चालावे.

रंग निघाल्यावर पॉलिश पेपर कोणत्या नंबरचा वापरावा?

आधी लाकूड पूर्ण सुकू द्यावे. पाण्याने धुतले असेल तर निदान एक-दोन दिवस. नंतर पृष्ठभागाच्या अवस्थेनुसार १०० किंवा १२० नंबरने सुरू करून १५० आणि १८० पर्यंत जावे, प्रत्येक वेळी रेषेच्या दिशेने. रंग द्यायचा असेल तर १५० वर थांबणे चांगले, कारण प्रायमरला पकड हवी असते. पॉलिशसाठी १८० किंवा फार तर २२० पुरे. त्याहून बारीक पेपरने घासत राहिल्यास लाकूड इतके गुळगुळीत होते, की तेल किंवा छटा त्यात नीट मुरत नाही. गोल कडांवर ठोकळा न वापरता पेपर बोटांत धरून हलक्या हाताने फिरवावा.

लाकडावर काळे-निळे डाग दिसू लागले आहेत. ते कशाचे?

ते बहुतेक लोखंडाचे असतात. स्टील वूल किंवा लोखंडी ब्रशचे सूक्ष्म कण लाकडात अडकतात आणि ओलावा मिळताच टॅनिनशी संयोग होऊन काळे होतात. जुन्या खिळ्यांभोवतीही असेच वलय उमटते. ऑक्झॅलिक आम्लाचे सौम्य द्रावण संपूर्ण पृष्ठभागावर सारखे लावल्यास हे डाग फिके पडतात. हे आम्ल विषारी आहे, म्हणून हातमोजे घालावेत, नंतर लाकूड स्वच्छ धुवावे आणि सुकलेली पांढरी भुकटी घासून उडवू नये. पुढच्या वेळी स्टील वूलऐवजी नायलॉनचा पॅड किंवा पितळी ब्रश घ्यावा.

उघडे केलेले दार किती दिवस तसेच ठेवता येते?

घराच्या आत असेल तर फारशी घाई नाही, पण धूळ आणि हातांचे डाग बसण्याआधी काम उरकावे. ऊन लागणाऱ्या दाराचे मात्र तसे नाही. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण लाकडाचे तंतू बांधून ठेवणारे लिग्निन मोडतात, वरचे तंतू सैल होतात आणि त्यावर दिलेला रंग त्या सैल तंतूंसह सुटतो. हा परिणाम डोळ्यांना दिसण्याआधीच सुरू झालेला असतो. म्हणून बाहेरच्या दारावर दोन आठवड्यांच्या आत प्रायमर किंवा पॉलिशचा पहिला हात चढलेला असावा. तितके जमले नाही तर लावण्याआधी पृष्ठभाग पुन्हा हलका घासून घ्यावा.

पहिला हात देताना दाराची वरची, खालची आणि बाजूची कडही विसरू नये. उभ्या पट्ट्यांची टोके वरच्या आणि खालच्या कडांवर उघडी पडलेली असतात आणि लाकूड पाणी सर्वांत जास्त टोकांतूनच पिते. खालची कड कोरी राहिलेले दार पावसाळी हवेत फुगून पुन्हा अडकू लागते.

निघालेला रंग, लगदा आणि चिंध्या यांचे काय करावे?

रंगाचे पापुद्रे आणि लगदा जाड पिशवीत घट्ट बांधून स्थानिक नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात द्यावा. तो जाळू नये, मोरीत सोडू नये आणि बागेच्या मातीत पुरू नये; शिसे मातीत कुजत नाही, तिथेच राहते. द्रावणाने भिजलेल्या चिंध्या उघड्यावर पसरून सुकवाव्यात. नंतर जवसाचे तेल वापरणार असाल तर विशेष सावध राहावे, कारण हे तेल सुकताना उष्णता निर्माण होते आणि चुरगाळून टाकलेल्या चिंध्यांचा ढीग कोणत्याही ठिणगीशिवाय स्वतःहून पेटू शकतो. त्या चिंध्या एकेक पसरून वाळवाव्यात, किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवाव्यात.

एका दाराला एकूण किती वेळ धरावा?

दोन्ही बाजूंना पॅनेल असलेल्या, अनेक थर चढलेल्या दाराला रिमूव्हरचा थांबण्याचा आणि लाकूड सुकण्याचा वेळ धरून चार-पाच दिवस मोकळे ठेवावेत. प्रत्यक्ष हाताचे काम त्यापेक्षा बरेच कमी असते. खोलीला त्या काळात दार नसणार आहे, हे लक्षात घेऊन दिवस निवडावेत.